दीडशेच्या आत

“कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं का तुला?”

शेजारच्या माईंचा असा प्रश्न आला की गॅस बंद करूनच अंगणात यावं. अर्धवट ऐकलं तर त्या पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

“काय झालं?”

“अगं, त्यांच्या मुलानं बंगळूरहून ती बटणांची पट्टी पाठवलीय. फोनवरून चालू-बंद होणारी. झोपताना फोनवर बोट लावलं की टीव्ही, डीटीएचचा डबा, स्पीकर, सगळं गपगार. बरं, वहिनींनी काय करावं? त्याच पट्टीत वायफायचा डबाही खोचला. रात्री बोट लावलं, सगळं बंद. सकाळी बोट लावतायत, लावतायत, पट्टी काही जागी होईना. होणार कशी? निरोप पोचवणारा वायफायच झोपलेला!”

“मग?”

“मग सोफा सरकवला. तो त्यांचा शिसवी सोफा! माळी, ड्रायव्हर आणि दूधवाला, तिघं लागले. पट्टीवर हातानं दाबायचं बटण असतं म्हणे, ते दाबलं तेव्हा कुठे घरात बातम्या सुरू झाल्या.”

हे सांगताना माईंना झालेला आनंद वीज वाचल्याचा नक्कीच नव्हता. पण पट्टीत त्यांचा जीव गुंतला होता, आणि त्याला कारण होतं. गेल्या महिन्यात त्यांचं बिल १५७ युनिटचं आलं होतं.

मध्य प्रदेशात न राहणाऱ्यांना १५७ या आकड्यातलं दुःख कळायचं नाही. इथे महिन्याला दीडशे युनिटच्या आत राहिलात तर पहिल्या शंभर युनिटचे सरकार शंभर रुपयेच घेतं. ही सवलत २०१९ साली सगळ्या घरांना लागू झाली, तेव्हा योजनेचं नाव इंदिरा गृह ज्योती होतं. आता अटल गृह ज्योती आहे. नाव बदललं, दीडशे तेच राहिलं. आणि दीडशेच्या पुढे एक जरी युनिट गेलं तर सवलत थोडी कमी होत नाही, अख्खीच जाते. फरक पाचशे रुपयांच्या घरात पडतो. म्हणजे माईंना ती वरची सात युनिटं अशी पडली, की त्या भावात भोपाळातल्या आमच्या बिट्टन मार्केटच्या हाटातून आठवड्याची भाजी आली असती. हा हिशेब त्यांनी मला भिंतीवरून निदान तीनदा ऐकवला, दर वेळी भाजी बदलून.

आता कुणी म्हणेल, अरेरा कॉलनीतल्या बंगल्यात राहून दीडशे युनिटचं काय कौतुक? पण इथे बंगले मोठे आणि आत माणसं दोन, हीच घरोघरची गोष्ट आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर न्यू जर्सीला. दिवाळी ते होळी एसी लागत नाही, पंखे लागत नाहीत, माईंकडे गिझरही गॅसवरचा. दोघं म्हातारी नऊ वाजता दिवे मालवून झोपतात. मग दीडशे युनिट जळतात कुठे?

“कुणीतरी आपल्या तारेवर आकडा टाकलाय,” हे माईंचं पहिलं अनुमान. संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर होता, कारण तो रात्री दोनपर्यंत जागतो आणि लसूण फार खातो. यातलं दुसरं कारण विजेच्या चोरीशी कसं जोडलं जातं, ते मी विचारलं नाही. त्याचं मीटर वेगळं आहे, हे मात्र सांगितलं.

खरी गंमत माईंच्या यजमानांची, अण्णांची. अण्णा भेलमधून निवृत्त झाले. १९५६ साली भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झालं, त्या कारखान्यात पुढे अण्णांनी सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरांच्या संगतीत काढली. पिपलानीच्या क्वार्टरमधून अरेरा कॉलनीत आले तेही डोक्यात मेगावॉट घेऊनच. टीव्हीचा तांबडा ठिपका बंद करा, असं माईंनी सुचवलं की ते हसायचे. “अर्ध्या वॉटसाठी मी उठू?” आणि इथे त्यांचं बरोबरच होतं. आताच्या टीव्हीचा तो ठिपका खरोखरच अर्ध्या वॉटच्या आसपास खातो. महिन्याला युनिटभरही होत नाही.

पण १५७ चा आकडा त्यांनाही लागला असावा, कारण एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, “जरा घड्याळ घेऊन ये गं!”

गेले तर अण्णा मीटरसमोर स्टूल टाकून बसलेले. घरातले सगळे दिवे बंद, पंखे बंद, फ्रिजचंही बटण पाच-दहा मिनिटांपुरतं खाली. बाकी जे जिथे जसं खोचलेलं असतं ते तसंच. “आता घर झोपलंय,” अण्णा म्हणाले, “झोपेत किती खातं ते बघू.”

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि खाली आकडा छापलेला असतो, त्यांच्या मीटरवर तो ३२०० होता. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मी सेकंद मोजायचे, त्यांनी दिव्याकडे बघायचं. दिवा साधारण बावीस-तेवीस सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. अण्णांनी जिभेवरच हिशेब केला. तासाला १६० वेळा. १६० भागिले ३२००, म्हणजे तासाला युनिटचा विसावा भाग, म्हणजे ५० वॉट. दिवसरात्र ५० वॉट. महिन्याला ३६ युनिटं.

“छत्तीस?” माई ओट्यावरून ओरडल्या. “कशाची? कुणी काही करत नसताना?”

अण्णा गप्प झाले. ट्रान्सफॉर्मरवाल्या माणसाला बिनभारातलं नुकसान शिकवायला नको. ट्रान्सफॉर्मरवर काहीही भार नसला तरी त्याचा गाभा वीज खात राहतो, हे त्यांनी जन्मभर कागदावर मांडलं होतं. घरात तेच चाललं होतं आणि ते मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

मग शोधमोहीम. एकेक प्लग काढायचा आणि दिवा किती मंदावतो ते बघायचं. माई खोलीत, अण्णा मीटरपाशी, आणि मी मधल्या दारात निरोप पोचवायला. “काढला?” “काढला!” “कुठला?” “मोबाइलच्या चार्जरचा!” दिव्यात काडीचा फरक नाही. माईंना हे पटेना, कारण त्यांच्या भाचीनं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की चार्जर खोचून ठेवला तर बिल दुप्पट येतं. फोन न लावलेला चांगला चार्जर एका वॉटचा दहावा भाग खातो, फार तर तिसरा. वर्षभर खोचून ठेवलात तरी एक ते तीन युनिट. चार्जर काढून ठेवण्याबद्दल लोक एकमेकांना जेवढं रागावतात, त्याचा चौथा हिस्सा डीटीएचच्या डब्याला रागावले असते तर बरं झालं असतं.

कारण खरा खादाड तोच. रिमोटनं टीव्ही बंद केला की आपल्याला वाटतं सगळं बंद झालं. डबा आत जागाच असतो. उपग्रहाकडे कान लावून बसतो, वाहिन्यांच्या याद्या उतरवतो, आणि चालू असताना जेवढी वीज घेतो जवळपास तेवढीच बंद दाखवतानाही घेतो. माईंचा डबा काढला तसा दिवा चांगलाच सुस्तावला. दहा वॉट गेले. एक वॉट वर्षभर चालला की पावणेनऊ युनिटं होतात, हे अण्णांचं कोष्टक. दहा वॉटचे वर्षाला ८७ झाले.

दुसरा निघाला एसीचा स्टॅबिलायझर. गेल्या पावसाळ्यात एसी बंद केला तो रिमोटनं. भिंतीवरचा स्टॅबिलायझर आठ महिने हिरवा आकडा दाखवत तसाच बसलेला. तोही एक ट्रान्सफॉर्मरच. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू जुना सहकारी लाच घेताना सापडावा.

आणि तिसरी, मुलाची खोली. मुलगा नोकरीला गेला त्याला कितीतरी वर्षं झाली. त्याचा कम्प्युटर झाकून ठेवलेला, पण खालचा यूपीएस चालूच. वरती प्रिंटर, त्यातली शाई कधीच वाळली असेल, पण त्याचा दिवा हिरवा. माई दर सोमवारी खोली झाडतात, यूपीएसवरची धूळही पुसतात. “तो आला तर लागेल म्हणून बंद नाही केलं,” त्या म्हणाल्या. तो आला की लॅपटॉप घेऊन येतो, हे त्यांनाही माहीत आहे. यूपीएस आणि प्रिंटर मिळून बारा-तेरा वॉट निघाले. त्या खोलीबद्दल आम्ही कुणी काही बोललो नाही.

मायक्रोवेव्हचं घड्याळ दोन वॉट. मायक्रोवेव्ह महिन्यातून दोनदा चालतो, घड्याळ चोवीस तास, आणि तेही वीज गेली-आली की बारावर अडकतं. शेवटी उरले वायफाय आणि इन्व्हर्टर. त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. वायफाय गेला तर नातवाचा व्हिडिओ कॉल गेला, आणि भोपाळच्या उन्हाळ्यात आंधी आली की इन्व्हर्टरशिवाय काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढं सगळं काढल्यावर दिवा मिनिटाला एकदा लुकलुकायला लागला. १९ वॉटच्या आत.

“म्हणजे बावीस युनिटं फुकट जात होती,” अण्णांनी जाहीर केलं. आणि ताबडतोब व्याख्यानाला सुरुवात केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत ॲलन मायर नावाचे शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं याच्याच मागे आहेत. श्रीमंत देशांत घरगुती विजेतला पाच ते दहा टक्के हिस्सा असा बसल्या जागी जातो, असा त्यांचा अंदाज. त्यांनीच नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सुचवलं की कुठलंही यंत्र झोपेत एका वॉटपेक्षा जास्त घेता कामा नये. २००१ साली बुशसाहेबांनी हुकूम काढला, की अमेरिकेच्या सरकारी कचेऱ्यांनी शक्यतो एका वॉटच्या आतलीच यंत्रं विकत घ्यावीत. युरोपनं २०१३ पासून ती मर्यादा अर्ध्या वॉटवर आणली. “म्हणून तर आपल्या टीव्हीचा ठिपका अर्ध्या वॉटचा आहे,” अण्णा म्हणाले. “तिकडच्या कायद्याचा प्रसाद. डब्याला तो अर्ध्या वॉटचा नियम लावणं अवघड, कारण तो म्हणतो मी झोपलेलो नाही, कामात आहे.”

“आपल्याकडे कुणी मोजलंय का?” मी विचारलं.

“पुण्याच्या प्रयासवाल्यांनी लोकांच्या घरात यंत्रं बसवून बघितलंय वीज कुठे कुठे जाते ते,” अण्णा म्हणाले. “आणि तू आता मोजलंस की. स्टूल माझं होतं.”

पट्टी आणायला दहा नंबर मार्केटला आम्ही दोघी गेलो, अण्णांना नेलं असतं तर दुकानदाराची परीक्षा झाली असती. दुकानदार विचारतो, “स्पाइकवाला दूँ कि सादा?” स्पाइकवाल्यात आतून एक बारीक भाग असतो, विजेचा दाब अचानक चढला तर तो जादा दाब स्वतःवर घेऊन टीव्ही वाचवतो. वीज वाचवण्याशी त्याचा संबंध नाही, पण इथल्या आंधीसाठी तो बरा. वीज वाचवणारी म्हणून जी विकतात त्यात दोन-तीन जाती आहेत. एक, प्रत्येक पिनेला वेगळं बटण असलेली साधी. दुसरी मालक-नोकर जातीची. मालकाच्या पिनेत टीव्ही लावायचा, तो बंद झाला की पट्टीला प्रवाह कमी झाल्याचं कळतं आणि ती बाकीच्या पिना आपोआप तोडते. डब्याला हीच उत्तम, पण आपल्याकडच्या दुकानात सहसा दिसत नाही. तिसरी फोनवाली, तिचं काय होतं ते कोपऱ्यावर कळलंच. शिवाय तिच्या आतलं वायफाय ऐकत राहायला स्वतःच एखादा वॉट खातं.

“एवढं सगळं कशाला,” माई दुकानातच म्हणाल्या, “भिंतीवर आपल्याला बटणं नाहीत का?”

आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणातला शहाणपणाचा प्रश्न हाच होता. अमेरिकेत भिंतीवरच्या पिनेला बहुतेक बटणच नसतं, म्हणून तिथे पट्टीचं एवढं माहात्म्य. आपल्याकडे इंग्रज साहेबाच्या कृपेनं जवळजवळ प्रत्येक पिनेशेजारी बटण आहे. फुकटातली पट्टी घरभर लावलेली आहे. मग आपण ती दाबत का नाही? कारण ती दिसत नाहीत. टीव्हीचं बटण टीव्हीच्या मागे, यूपीएसचं टेबलाखाली, मायक्रोवेव्हचं पिठाच्या डब्याआड. घर बांधताना वायरमननं जिथे सोय झाली तिथे बोर्ड ठोकला आणि पुढे सुतारानं त्याच्यापुढे कपाट उभं केलं. वाकून, हात घालून, चाचपून कोण रोज बटण शोधणार? साठीच्या पुढे तर मुळीच नाही. पट्टी काही वीज वाचवत नाही, ती बटण सोफ्याच्या मागून काढून हाताशी आणते, एवढंच तिचं काम.

म्हणून आम्ही साडेतीनशेची, आयएसआयचा शिक्का असलेली, लांब वायरची साधी पट्टी घेतली. माईंच्या टीव्हीखालच्या फळीवर ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं बसवली, देवघरातून झोपायच्या खोलीत जाताना वाटेत हात पडेल अशी. टीव्ही, डबा आणि नातवाचा खेळण्याचा स्पीकर, तिन्हींचं एक मोठं बटण. वायफाय वेगळ्या पिनेत, भिंतीत. मुलाच्या खोलीत पट्टी लागलीच नाही, माईंनी यूपीएसचं बटण स्वतः बंद केलं.

दुकानातून निघताना एका बाईंना त्याच पट्टीत रूम हीटर लावायचा होता, त्यांना माईंनी रस्त्यातच अडवलं. सहा अँपिअरच्या पट्टीतून फार तर तेराशे-ऐंशी वॉट न्यायचे. हीटर दोन हजारांचा असतो. त्याला भिंतीतली सोळा अँपिअरची जाड पिनच हवी, गिझरलाही तीच, आणि इस्त्रीसुद्धा पट्टीत लावू नये. हे माईंनी इतक्या अधिकारानं सांगितलं की बाईंनी त्यांना भेलमध्ये होतात का विचारलं. माईंनी नाही म्हटलं नाही.

त्रास झालाच नाही असं नाही. डबा पूर्ण बंद केला की सकाळी जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात मालिकेतल्या सासूनं सुनेला काय म्हटलं ते निसटतं. मला भिंतीवरून दोनदा विचारणा झाली. मी मालिका बघत नाही, हे माईंनी कधीच मनावर घेतलेलं नाही. रात्री काहीतरी रेकॉर्ड करून ठेवणाऱ्यांनी तर डबा बंद करूच नये. आता त्या मालिकेच्या पाच मिनिटं आधी बटण दाबतात.

पुढचं बिल १३८ आलं. माई तो कागद घेऊन भिंतीपाशी आल्या, तेव्हा चेहरा असा होता, जणू मुलाचा निकाल लागलाय.

“आणि तुझं?”

माझं सांगायला मला संकोच वाटला. आमच्याकडे माणसं चार, दोन एसी, विजेवरचे गिझर. आम्ही दीडशेच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे आमचे पंधरा-वीस युनिट वाचले तर दीडशे-पावणेदोनशे रुपये वाचतात, पाचशे नव्हे. इथे दीडशेच्या वरच्या लोकांना दर पंधरा युनिटला ०.१ किलोवॉट भार धरून स्थिर आकारही लावतात, म्हणजे पंधरा युनिट कमी केले की तिथेही थोडे सुटतात. पट्टीचे पैसे दोन-तीन महिन्यांत निघतात. पण खरं सांगायचं तर आमच्या घरी पट्टीपेक्षा गिझर मोठा. पाणी तापलं की तो थांबतो असं वाटतं, पण टाकीतलं पाणी निवत जातं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. गिझरवरच्या चांदण्या मुळात याच्यावरच मिळतात, उभ्या-उभ्या किती ऊब गमावतो त्यावर. सकाळी सहाला लावून रात्रीपर्यंत विसरलेला गिझर, जवळजवळ माईंच्या अख्ख्या घराच्या झोपेएवढं खाऊ शकतो. हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले, “बघू.” त्यांचं बघू म्हणजे काय ते शेजारीही जाणतात.

संक्रांतीला माईंच्या मनात आलं, की यंदा हळदीकुंकवाचं वाण म्हणून बायकांना पट्ट्याच लुटाव्यात. मी म्हटलं, साडेतीनशे गुणिले पन्नास? त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि तिळगुळाबरोबर स्टीलच्या वाट्याच लुटल्या. मात्र वाटी हातात देताना प्रत्येकीला विचारलं, “तुमचा डबा रात्री बंद असतो का?” अर्ध्या बायकांना वाटलं जेवणाच्या डब्याबद्दल चाललंय.

स्मार्ट मीटर आल्यावर आता स्टूल टाकून बसावं लागत नाही. वीज कंपनीच्या ‘उपाय’ ॲपवर वापर दिसतो. रात्री दोन ते पाचमध्ये जेवढी वीज जाते, त्यातून फ्रिज वजा केला की घराची झोप कळते. अण्णांना ॲप दाखवलं, पण ते म्हणतात दिवा खोटं बोलत नाही. आता त्यांचं लक्ष दिवाणखान्यातल्या बिनतारी बेलवर आहे. पिनेत खोचलेली ती, कुणी बटण दाबायची चोवीस तास वाट बघत बसते, अर्धा-एक वॉट.

“बेल बंद केली तर आलेल्या माणसानं काय करायचं?” माईंनी विचारलं.

“हाक मारायची. तुम्ही दोघी भिंतीपाशीच असता.”